मागच्या आवृत्तीतलं नाव

परवा एका मित्राचा फोन आला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो त्यांच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीच्या मागे लागलाय. (कुळाचं नाव सांगत नाही. आमचं नाही, एवढं मात्र आधीच सांगून टाकतो. आमचे बरेच नातेवाईक इथे येऊन वाचतात, दुपारपर्यंत तर्क सुरू व्हायचे.)

"अरे, एक अडचण आहे," तो म्हणाला. "मागच्या आवृत्तीत कन्या म्हणून छापलेली एक नोंद आहे. त्यांचा यावेळचा फॉर्म वेगळ्या नावाने आलाय. पुरुषाच्या. आता काय छापायचं?"

समितीत तीन मतं पडली होती. एक, नवं नाव द्यावं आणि पुढे कंसात 'मूळ नाव अमुक' लिहावं, कारण इतिहास तो इतिहास. दोन, नोंदच गाळावी, उगाच चर्चा कशाला. तीन, पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्रात घालावं.

"आणि तुझं मत?"

"म्हणून तर तुला फोन केला."

मी दोन दिवस मागून घेतले. मला मायकेल डिलन आठवले होते. त्यांची गोष्ट मी काही वर्षांपूर्वी वाचली, आणि तेव्हापासून संदर्भग्रंथ म्हटलं की मला ती आठवते. एखाद्या माणसाचं आयुष्य दोन कोशांच्या फटीत सापडून उलटंपालटं व्हावं, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

डिलन यांचा जन्म १ मे १९१५चा, लंडनचा. आई बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली आणि दोन भावंडांना फोकस्टोनच्या अविवाहित आत्यांनी वाढवलं. घराणं आयर्लंडचं, 'बॅरोनेट' हा वंशपरंपरागत किताब असलेलं. किताब पुढे थोरल्या भावाकडे आला. शेंडेफळाची नोंद मुलगी म्हणून झाली होती. ते नाव इथे लिहीत नाही. सगळी गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येते का, ते बघू.

ऑक्सफर्डला शिकताना विद्यार्थिनींच्या बोट क्लबचे ते अध्यक्ष होते...

हे वाक्य लिहिताना मी थांबलो. 'विद्यार्थिनींच्या' आणि 'अध्यक्ष होते'. इंग्रजीत एका सर्वनामावर भागतं, आपल्याकडे क्रियापदसुद्धा चुगली करतं. जन्मला की जन्मली, शिकले की शिकल्या, पहिल्याच वाक्यात पक्ष घ्यावा लागतो. मराठी विश्वकोशाची जुनी तऱ्हा मात्र इथे कामाला येते. आडनाव, नाव, कंसात दोन तारखा, मग पूर्णविराम. नुसतं 'जन्म लंडन येथे' म्हटलं की क्रियापदाची गरजच नाही. पण अख्खा माणूस असा क्रियापदावाचून लिहिता येत नाही. मी 'ते' लिहितोय. त्यांनी स्वतःला आयुष्यभर तसंच मानलं.

तर, १९३८ साली पदवी. १९३९च्या सुमारास एका डॉक्टरकडून टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या मिळाल्या. पण ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्यांना पाठवलं होतं त्याच्या तोंडात तीळ भिजला नाही, आणि कामाच्या ठिकाणी गोष्ट पसरली. मग नोकरी सोडून ब्रिस्टलच्या एका गॅरेजमध्ये काम. दिवसा गाड्या ओढून आणायच्या, रात्री बॉम्बवर्षावात आगीवर पहारा. १९४२मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली, १९४४मध्ये जन्मनोंद रीतसर बदलून घेतली. पुढे सर हॅरल्ड गिलीज यांनी १९४६ ते १९४९ या काळात त्यांच्यावर किमान तेरा शस्त्रक्रिया केल्या. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे उद्ध्वस्त चेहरे पुन्हा उभे करणारे ते हेच गिलीज. रुग्णालयाच्या कागदांवर त्यांनी भलत्याच जन्मजात दोषाचं निदान लिहिलं, म्हणजे कुणी चौकशी करायला नको.

याच काळात डिलन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकी शिकत होते, सुट्ट्यांत शस्त्रक्रिया करून घेत होते. आता गंमत अशी, की प्रवेशाला ऑक्सफर्डची पदवी दाखवायची तर ती स्त्रियांच्या संस्थेची. त्यांच्या एका जुन्या शिक्षकाने ऑक्सफर्डच्या रजिस्ट्रारला गळ घातली आणि नोंदीत पुरुषांच्या ब्रेझनोज कॉलेजचं नाव आलं. एवढं जुनं विद्यापीठ, नियमाला काटेकोर, आणि त्याच्या दप्तरात एका ओळीची ही खाडाखोड. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला हे खटकायला हवं. मला खटकलंही. मग वाटलं, ती पदवी खरी होती, अभ्यास खरा होता, परीक्षा दिलेला माणूसही तोच होता. बदललं ते एवढंच, की कुणीतरी एका वहीमुळे दारावर अडवला जाणार नाही. तरी मी स्वतः रजिस्ट्रार असतो तर सही केली असती का, सांगता येत नाही.

१९५१मध्ये ते डॉक्टर झाले आणि व्यापारी जहाजांवर नोकरी करू लागले. मधल्या काळात त्यांनी नीतिशास्त्र आणि अंतःस्रावी ग्रंथी यांवर 'सेल्फ' नावाचं पुस्तक लिहिलं होतं, १९४६ साली. माणसाचं मन शरीराशी जुळवता येत नसेल तर शरीर मनाशी जुळवावं, असा त्याचा रोख. स्वतःबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही.

आता त्या दोन कोशांकडे येऊ.

इंग्रज सरदार घराण्यांच्या वंशावळींचे दोन जाडजूड ग्रंथ आहेत, 'डेब्रेट' आणि 'बर्क'. आपल्या कुलवृत्तांतांसारखेच, फक्त एका कुळाचे नसून सगळ्या किताबवाल्यांचे. थोरला कोण, धाकटा कोण, कुणाला किती मुलं, किताब पुढे कुणाकडे जाणार. नव्या आवृत्त्या निघत राहायच्या आणि लोक त्या वाचायचेही. डिलन यांनी डेब्रेटकडे आपली नोंद दुरुस्त करून घेतली होती. भावाला मूल नव्हतं आणि हा किताब बाईकडे जात नाही. त्यामुळे डेब्रेटमध्ये ते भावाचे वारस म्हणून आले. बर्कमध्ये मात्र जुनीच नोंद राहिली. तिथे त्या बॅरोनेटला भाऊ नव्हताच, बहीण होती.

दोन ग्रंथ शेजारी ठेवून कुणीतरी ते पान ताडून पाहिलं. बस्स. कुणी पाळत ठेवली नव्हती की दप्तर फोडलं नव्हतं. १९५८च्या मे महिन्यात डिलन यांचं जहाज 'सिटी ऑफ बाथ' अमेरिकेत बाल्टिमोर बंदरात होतं आणि तिथे त्यांच्या हाती लंडनच्या वर्तमानपत्राची तार पडली. काही दिवसांत बातमी सगळीकडे छापून आली. वल्हवण्याच्या क्लबातले जुने फोटो, जुनं नाव, सगळं. पंधरा वर्षं जपलेली गोष्ट एका आठवड्यात संपली.

डेब्रेटच्या संपादकांनी त्या गदारोळात आपली नोंद मागे घेतली नाही. कायद्याने ज्या क्षणी माणूस जो मानला जातो, त्याचे सगळे हक्क त्याला मिळावेत, अशी त्यांची भूमिका होती. १९५८ साली हे म्हणणं सोपं नव्हतं. पण यातून मी धडा घेतला तो वेगळाच. एक ग्रंथ सज्जनपणे वागला आणि दुसरा नुसता आळसाने जुन्या जागी राहिला, तरी घात झालाच. दुरुस्तीमुळेच तर फट पडली.

डिलन यांनी नोकरी सोडली आणि ते थेट भारतात आले. कालिम्पोंगला संघरक्षित नावाचे इंग्रज बौद्ध भिक्खू राहत होते. आपल्याकडे हे नाव अनेकांना ओळखीचं असेल. बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचा परिचय होता, ६ डिसेंबर १९५६ला महापरिनिर्वाणाची वार्ता आली त्या दिवशी ते नागपुरात होते आणि त्या रात्रीच्या शोकसभेत बोलले होते. नंतर महाराष्ट्रात गावोगाव त्यांची प्रवचनं झाली. डिलन यांनी त्यांना विश्वासाने सगळं सांगितलं. त्यांना नवीन नाव मिळालं, जीवक. बुद्धाच्या काळच्या वैद्याचं नाव, डॉक्टरला शोभेलसं.

मग सारनाथला ते श्रामणेर झाले. पुढची पायरी उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खू होणं. तिथे विनयपिटकातले जुने नियम आणि त्यांचा भूतकाळ आडवा आला. संघरक्षितांनीही विरोध केला. विश्वासाने सांगितलेलं तिथवर पोहोचलं, याचा घाव त्यांना वर्तमानपत्रांपेक्षा खोल लागला असेल असं मला वाटतं. ते तिबेटी परंपरेकडे वळले आणि १९६० साली लडाखमधल्या रिझोंग मठात काही महिने राहिले, सगळ्यांत धाकटा श्रामणेर म्हणून, पोरांच्या रांगेत. तिथे नाव मिळालं लोबझांग जीवक. त्यावर त्यांनी 'इमजी गेत्सुल' हे पुस्तक लिहिलं. अर्थ अगदी साधा, 'इंग्रज श्रामणेर'. १९६२च्या मे महिन्यात आत्मचरित्राचं हस्तलिखित इंग्लंडला पोस्टात टाकलं आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेला डलहौसीच्या इस्पितळात ते गेले. वय ४७. ते आत्मचरित्र छापून यायला २०१६ साल उजाडलं. त्यावर मायकेल डिलन आणि लोबझांग जीवक अशी दोन्ही नावं आहेत.

आता ग्रंथपालाच्या जागी बसून बघा. या माणसाची पुस्तकं तीन नावांनी आहेत: मायकेल डिलन, श्रामणेर जीवक, लोबझांग जीवक. ग्रंथालयाच्या यादीत एक नाव मुख्य धरायचं आणि बाकीच्यांपुढे 'पाहा' लिहायचं, म्हणजे कुठूनही शिरलं तरी वाचक एकाच दारात येतो. ही तिन्ही नावं त्यांनी स्वतः मुखपृष्ठावर छापली. चौथ्या, जन्माच्या नावाने त्यांचं एकही पुस्तक नाही. मग ते यादीत कशासाठी? १९३०च्या दशकातल्या स्त्रियांच्या नौकाशर्यतींचा इतिहास कुणी लिहीत असेल तर त्याला ते लागेल. त्याच्या पुस्तकात, एकदा, कारणापुरतं. नोंदीच्या माथ्यावर नाही.

"पण आपल्याकडे तर सर्रास लिहितात की," मित्राने दुसऱ्या फोनवर हेच विचारलं. "रामदासांचं पूर्वाश्रमीचं नाव नारायण, गाडगेबाबांचं डेबूजी. त्यात कुणाचा अपमान झाला?"

रास्त प्रश्न. आणि आपल्याला ही खोड शाळेतच लागते. 'टोपणनाव आणि मूळ नाव यांच्या जोड्या लावा', दोन मार्क. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. मार्क मिळाले की वाटतं, आता आपल्याला खरं कळलं. माझ्या आजीचंही माहेरचं नाव द्वारका आणि सासरी आल्यावर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव लक्ष्मी. म्हातारपणी तिचा भाऊ यायचा आणि ओसरीवरूनच "द्वारके" म्हणून हाक मारायचा, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आम्हाला कधी मिळालं नाही. म्हणजे जुनं नाव दुखतंच असं नाही. कुणाला ते गोडही लागतं.

पण नारायण ठोसर हे नाव घेऊन 'तुम्ही काही रामदास नव्हेत' असं रामदासांना कुणी म्हटलं नाही. संघरक्षितांच्या चरित्रात 'पूर्वाश्रमीचे डेनिस लिंगवुड' लिहिलं म्हणून त्यांचं चीवर कुणी उतरवलं नाही. त्यांच्याच गावात, त्यांच्याच ओळखीतल्या जीवकांचं आधीचं नाव मात्र नेमकं त्यासाठीच वापरलं गेलं. नाव तसंच, कंसही तेवढाच. फरक आहे तो 'आधीचं नाव' आणि 'खरं नाव' यांत. पारलिंगी माणसाच्या बाबतीत वाचक कंसातल्या नावाला आपसूक 'खरं' म्हणतो, कोशकाराने तो शब्द लिहिला नसला तरी. आणि 'मूळ नाव' लिहिलं तर त्याने तो लिहिलाच.

याची दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर लबाडी होईल. आपल्यापैकी जे इलेक्ट्रॉनिक्सवाले आहेत त्यांना मीड आणि कॉनवे यांचं पुस्तक आठवत असेल. १९८०च्या त्या पुस्तकावर चिपचं डिझाइन शिकून एक अख्खी पिढी तयार झाली. त्यातल्या लिन कॉनवे १९६०च्या दशकात आयबीएममध्ये होत्या आणि तिथे एका महासंगणकाच्या प्रकल्पात त्यांनी फार मोलाचं काम केलं होतं. स्त्री म्हणून जगायला सुरुवात करणार हे कळल्यावर १९६८ साली कंपनीने त्यांना काढून टाकलं. त्यांनी नव्या नावाने शून्यापासून सुरुवात केली आणि मागचा एक शब्द तीस वर्षं कुणाला सांगितला नाही. परिणाम असा, की ते आधीचं काम पोरकं झालं. त्यावर हक्क सांगायचा तर दोन नावं जोडावी लागणार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक संगणक-इतिहासकार त्याच प्रकल्पाचा माग काढू लागला, तेव्हा आता हे बाहेर येणारच हे ओळखून त्यांनी आपली गोष्ट आपणच सांगितली. आयबीएमने माफी मागितली ती २०२० साली. कॉनवे २०२४मध्ये गेल्या.

म्हणजे नाव गाळणं हेही नेहमी मोफत नसतं. जॅन मॉरिस यांच्या बाबतीत तर ते शक्यच नव्हतं. १९५३ची एव्हरेस्ट मोहीम फत्ते झाल्याची पहिली बातमी 'टाइम्स'कडे त्यांनी धाडली, ब्रिटिश साम्राज्यावरचं 'पॅक्स ब्रिटानिका' १९६८ साली आलं, सगळं जेम्स मॉरिस या नावाने. १९७४च्या 'कनन्ड्रम'मध्ये त्यांनी सगळं मोकळेपणाने लिहिलं. तिथे जुनं नाव पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरच आहे, लपवणार काय? इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांत २०१३ साली चेल्सी मॅनिंग यांच्या लेखाच्या शीर्षकावरून मोठं भांडण झालं. पुढे तिथे जो नियम रुळला तो साधारण याच विचाराचा: माणूस जुन्या नावाने लोकांना माहीत होता का? असेल तर द्या. हयात असेल आणि त्या नावाने कुणाला माहीत नसेल, तर देऊ नका. नियम ठीकच आहे. सगळ्या गोष्टी त्यात बसत नाहीत, पण समितीत वाद घालायला काहीतरी हाताशी लागतंच.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. डेब्रेट-बर्कची गोष्ट ऐकून तो गप्प झाला. मागच्या आवृत्तीच्या पाच-सहाशे प्रती घरोघरी आहेत. नवी आवृत्ती आली की तीही त्याच कपाटात, त्याच फळीवर बसणार. आणि आपल्याकडे सुट्टीत आलेली माणसं दोन्ही काढून बसतातच, कोण कुणाचा कोण हे लावत. शुद्धिपत्राचा विचार त्याने तिथेच सोडून दिला. ते म्हणजे 'दोन्ही आवृत्त्या ताडून पाहा' असं छापील आमंत्रणच झालं असतं.

मग मी विचारलं, "ज्यांची नोंद आहे त्यांना काय हवंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. तीन बैठका झाल्या, चहा-बिस्किटं झाली, पण ज्याची नोंद त्याला एक फोन कुणी केला नव्हता. मलाही हे दोन दिवसांनी सुचलं, तेव्हा शहाणपणा मिरवण्यात अर्थ नाही.

त्याने फोन केला. पुढचं त्या व्यक्तीच्या आणि मित्राच्या परवानगीने लिहितोय. ('व्यक्ती' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे. त्याला इलाज नाही, पुरुष असला तरी ती व्यक्तीच.) पलीकडून आधी हसू आलं म्हणे. ते म्हणाले, "काका, जुनी प्रत आमच्याही घरी आहे. आईने जपून ठेवलीय. ती काही मी जाळायला सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. पण नव्या पुस्तकात माझं नाव, जन्मसाल, शिक्षण, नोकरी, बाकीच्यांचं जसं छापता तसंच छापा. माझ्यासाठी वेगळं काही लिहू नका. कंस नको, टीपही नको."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तर माझा नंबर द्या."

समितीतल्या सगळ्यांत वयस्कर आजोबांनी, ज्यांचं मत 'इतिहास तो इतिहास' असं होतं, यावर एवढंच विचारलं की मग भावंडांच्या क्रमात नाव कुठे घालायचं. आधी मुलगे आणि मग मुली अशी या वृत्तांताची जुनी पद्धत आहे. बराच वेळ खल झाला. शेवटी त्यांनीच सुचवलं, की या आवृत्तीपासून सगळ्याच घरांत जन्मसालाप्रमाणे लावू, आणि तसं ठरलं. त्यामुळे आता पाचशेहून जास्त पानांची मांडणी नव्याने करावी लागतेय आणि डीटीपीवाला वैतागलाय.

मित्राने मला तो फॉर्म वाचून दाखवला. छापील फॉर्म तोच, सगळ्यांना पाठवलेला. 'विवाहापूर्वीचे / पूर्वीचे नाव (असल्यास)' असा त्यात एक रकाना आहे, सुनांसाठी म्हणून ठेवलेला. त्यात निळ्या शाईने एक आडवी रेघ ओढली होती.